नानाचं "तुम्ही"

माझ्या मोठ्या भावाने मला पहिल्यांदा "या, बसा" म्हटलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. वाटलं, माझ्या पाठोपाठ आणखी कुणी आलंय. तलाठी, एखादा सोयरा, गेला बाजार गॅसवाला. मागे कुणी नव्हतं. पायरीवर फक्त माझ्याच चपला होत्या.

हा भाऊ माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. घरात आणि गावात सगळे त्याला नाना म्हणायचे, म्हणून मीही नाना म्हणायचो. आमचं गाव शिरपूर तालुक्यातलं. नाना तिथे शेती करायचा. मी जळगावला मेहरूणमध्ये राहतो आणि एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. मुलं मला सर म्हणतात, शेजारी सर म्हणतात, दूधवालाही सर म्हणतो, आणि मी कुणाचीच दुरुस्ती करत नाही. ते काम नाना करायचा. माझ्या बायकोने एकदा त्याच्यासमोर "सरांना आज उशीर झाला" असं कुणाला तरी फोनवर सांगितलं, तर तो खाटेवरून म्हणाला, "सर कसाना तो? बाटल्या धोवस."

आमच्या घरात अहिराणी बोलतात, आणि आमच्या घरातल्या अहिराणीत आदर दाखवायला वेगळा शब्द लागत नसे. आईला तू, बापाला तू, मोठ्या भावाला तू. देवाला तर तूच. "तुम्ही" ठेवलेलं होतं ते पाहुण्यांसाठी, साहेब लोकांसाठी आणि ज्यांच्याशी सोयरीक अजून ठरायची आहे त्यांच्यासाठी. सोयरीक ठरून दोन-तीन वर्षं गेली की तिथलंही "तुम्ही" हळूहळू झिजायचं. थोडक्यात, ज्याला "तुम्ही" म्हणायचं त्याला घराच्या आत कुठपर्यंत येऊ द्यायचं हे ठरलेलं असायचं. ओसरीच्या पुढे नाही.

तर नानाने मला "या, बसा" म्हटलं आणि प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. एरवी मी गेलो की सरळ त्याच्या खाटेवर, त्याच्या पायांशी बसायचो, आणि तो पाय न हलवता म्हणायचा, "सरक तिकडे, म्हैस." आत वहिनीला त्याने हाक मारली, "पाहुण्यांना पाणी आण." वहिनी पाणी घेऊन आली ती ट्रेमध्ये. आमच्या घरात ट्रे आहे हे मला पन्नाशीनंतर कळलं.

"प्रवास कसा झाला तुमचा?" नानाने विचारलं. शुद्ध मराठीत. सातवीनंतर शाळा सोडलेल्या माणसाचं इतकं स्वच्छ मराठी मी त्याआधी फक्त एकदा ऐकलं होतं, माझ्या लग्नात, त्याने माझ्या सासऱ्यांचं स्वागत केलं तेव्हा.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, हे मला आज बिनचूक माहीत आहे. खुर्ची लाथेने सरकवून खाटेवर जाऊन बसायला हवं होतं आणि म्हणायला हवं होतं, "नाना, तू येडा व्हयना का?" त्याऐवजी मी खुर्चीवर बसलो, गुडघे जुळवले आणि म्हणालो, "बरा झाला. तुम्ही कसे आहात?"

आता हे का झालं ते सांगतो. यात माझी बाजू नाही, पण मी तीही सांगणार आहे, कारण सवय जात नाही.

नाना तीस वर्षं एका पुढाऱ्याचा माणूस होता. पद नाही, ठेका नाही, नुसता माणूस. साहेबांची सभा असली की आदल्या दिवशी मैदान झाडणं, सतरंज्या टाकणं, सभा झाली की त्या झटकून घड्या घालणं. मला तो पुढारी कधीच आवडला नाही. त्यावरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो, आणि ते भांडण ऐकण्यासारखं होतं. शिव्यांना आमच्याकडे "गाया" म्हणतात. शेवभाजीचं पातेलं मधे ठेवून आम्ही एकमेकांना गाया घालायचो.

"तुना साहेब चोर शे," मी म्हणायचो.

"तुना साहेबना बाप चोर व्हता. तुले काय समजस रे राजकारणमा? जयगावले राहीसन तुना मेंदू नासना."

"तुले मेंदू व्हता कधी?"

"खा आते. भांडाले ताकद लागी." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी पडायची. वहिनी मधे कधी पडली नाही. तिचं म्हणणं होतं की दोघं आवाज चढवतात तोपर्यंत काळजीचं कारण नाही.

मग ते सगळं झालं जे गेल्या काही वर्षांत सगळीकडेच झालं. पक्ष फुटले, फुटलेल्यांनी नवी चिन्हं घेतली, कालचे शत्रू एका मंचावर हार घालून बसले. नानाच्या साहेबांनीही एका दुपारी बाजू बदलली. नानाला ते वर्तमानपत्रातून कळलं. दोन दिवस तो बोलला नाही, असं वहिनी म्हणाली. तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला, स्वतःचा, आणि नाना सतरंज्या घेऊन गेला. फक्त आता मैदानावर दुसरा झेंडा होता.

त्यानंतरच्या निवडणुकीत विरोधी उमेदवार होता माझा कॉलेजचा वर्गमित्र. प्रचाराच्या काळात तो मला म्हणाला, "तू चांगलं बोलतोस. तुझ्या गावच्या सभेत दहा मिनिटं बोल. फक्त शिवीगाळ नको हं, आपला प्रचार सुसंस्कृत आहे."

मला कुणी माईक दिलेला नव्हता त्याआधी. विज्ञान प्रदर्शनात "कृपया काचेला हात लावू नये" एवढंच माझं जाहीर भाषण. मी तीन दिवस आरशासमोर तयारी केली. बायको म्हणाली, "नानांबद्दल काही बोलू नका म्हणजे झालं." मी म्हणालो, बोललो तरी आदरानेच बोलेन. आणि खरंच आदरानेच बोललो. एकही वाकडा शब्द नाही. अजून मला ते पाठ आहे.

"आमचे आदरणीय ज्येष्ठ बंधू याच गावात राहतात," मी म्हणालो. "तीस वर्षं त्यांनी एका झेंड्याखाली सतरंज्या अंथरल्या. परवा त्यांच्या साहेबांनी झेंडा बदलला. बंधूंनी सतरंजी मात्र बदलली नाही, तीच दुसऱ्या झेंड्याखाली अंथरली. मी त्यांना दोष देणार नाही. त्यांच्या निष्ठेला मी आपल्या सर्वांच्या वतीने वाकून नमस्कार करतो."

आणि मी मंचावर खरोखर वाकलो.

लोक हसले. असे हसले की मी वाकलेला तसाच थोडा वेळ राहिलो, कारण इतकं हसू माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, "सतरंजी नाना!" आणि दुसरा हशा पिकला. सरळ उभा राहिलो तेव्हा मला दिसलं की पानटपरीजवळ नाना उभा आहे. हाताची घडी घालून. तो हसत नव्हता, रागावलेलाही दिसत नव्हता. परकं माणूस बोलत असावं आणि आपण वाटेत थांबून ऐकावं, तसा ऐकत होता. मी खाली उतरलो तोवर तो निघून गेला होता.

माझी बाजू ही अशी. मी त्याला एकही शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर त्याने मंचावर चढून माझ्या कानाखाली दिली असती, आणि संध्याकाळी आम्ही जेवलो असतो. पण मी त्याला "बंधू" म्हटलं, "त्यांनी" म्हटलं, नमस्कार केला. याला तो काय उत्तर देणार? त्याने तेच परत केलं. महिनाभराने मी गेलो तर म्हणाला, "या, बसा."

यानंतरची तीन वर्षं आम्ही दोघं भाऊ खानदेशातले सर्वांत सभ्य भाऊ होतो. सणाला मी जायचो. खुर्ची, ट्रे, प्रवास कसा झाला. मी मुद्दाम त्याच्या साहेबांना चोर म्हणून पाहिलं. जुन्या झेंड्याच्या साहेबांना, नव्या झेंड्याच्या साहेबांना, दोघांना मिळून. नाना शांतपणे म्हणाला, "प्रत्येकाचं आपलं मत असतं. लोकशाही आहे." त्याच्या तोंडून लोकशाही हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी वहिनीकडे पाहिलं. ती ताटं वाढत होती. भाकरी मला विचारून वाढली गेली: "अजून घेणार का?" वहिनी मला नेहमी तूच म्हणायची, तेव्हाही म्हणत होती, पण नानासमोर ती वाक्यं अशी जुळवायची की तूही नको आणि तुम्हीही नको.

गावाला हे फार आवडलं. "बघा, दोन पक्षांत असून भाऊ-भाऊ कसे मानाने वागतात," असं लोक म्हणायला लागले. जळगावात एका व्याख्यानमालेत ठरलेले वक्ते आयत्या वेळी आले नाहीत, तर मला उभं केलं. विषय होता "राजकारणातला सुसंस्कृतपणा". मी चाळीस मिनिटं बोललो. उदाहरण म्हणून आमच्या घराचं दिलं. मतभेद असावेत, मनभेद नसावेत, असंही म्हणालो. म्हणताना माझी मलाच लाज वाटली, पण टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ मिळाला. शाल अजून आहे. पांघरवत नाही.

खोटं बोललो असं नाही. जे सांगितलं ते सगळं घडत होतं. कुणी कुणावर ओरडत नव्हतं.

मग नाना शेतात ठिबकच्या नळीत पाय अडकून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. त्याचा मुलगा पुण्याहून आला, आठवडाभर राहिला, नोकरीवर परत गेला. जखमेत पू झाला, ताप उतरेना, डॉक्टर "बघू, बघू" म्हणायला लागले. मी शाळेतून रजा टाकली आणि धुळ्याला जाऊन राहिलो. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, "बंधूंची प्रकृती." लिहिल्यावर तो शब्द मी बराच वेळ पाहत बसलो.

मनात एकच गोष्ट होती. तो बरा होवो न होवो, ते डॉक्टरांच्या हातात. पण त्याने मला एकदा तू म्हणावं. शिवी देऊन म्हटलं तरी चालेल. शिवी देऊन म्हटलं तर जास्त बरं.

खाटेवर खिळलेल्या माणसाची सगळी कामं दुसऱ्याला करावी लागतात. पहिल्या दिवशी त्याला भांडं हवं होतं. मी खाटेखालून काढलं आणि पांघरूण बाजूला करायला गेलो. त्याने माझं मनगट धरलं. तापलेला हात.

"तुम्ही राहू द्या," तो म्हणाला. "तुम्ही कशाला त्रास घेता? मामांना बोलवा."

मामा म्हणजे वॉर्डातला मदतनीस, माझ्याच वयाचा, पोट सुटलेला माणूस. तो आला. नानाने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मामा, तू कथला शे रे?"

"साक्रीकडला."

"मंग आपलाच शे. उचल आते माले, पण हळू. गेल्या टायमाले तू माले गव्हाना पोत्यागत उचला."

मामा हसला, नानाही हसला. मी भिंतीशी उभा होतो. ज्या माणसाने मला लहानपणी नदीवर न्हाऊ घातलं, माझं नाक स्वतःच्या सदऱ्याला पुसलं, त्याचं भांडं उचलायला मी परका होतो आणि साक्रीकडचा मामा आपला होता. मी बाहेर जाऊन चहा प्यायलो. चहा चांगला होता, हेही सांगायला हवं. अशा वेळी चहा कडू लागतो असं मी वाचलं होतं. लागला नाही.

बाहेरच्या बाकावर वहिनी बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो. ती म्हणाली, "तू काय तोंड पाडीन बशी ऱ्हायना?"

मी म्हणालो, तो मला हात लावू देत नाही.

तिने त्या सभेची गोष्ट काढली, तीन वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी नाना विरोधकांच्या सभेला का आला होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी समजून चाललो होतो की कोण काय बोलतं ते साहेबांना सांगायला आला असेल. वहिनी म्हणाली, त्याने दुपारीच दाढी केली. धुतलेला सदरा घातला. गल्लीतल्या चार जणांना घरी जाऊन बोलावलं. "म्हणे, मना भाऊ बोलणार शे, चला. तठे आमना साहेबले नावं ठेवी, पण बोलस बेस." ती चौघं त्याच्याबरोबर पानटपरीपाशी उभी होती. "सतरंजी नाना" असं ओरडला तो त्या चौघांतलाच एक. त्यानंतर नानाचं चहाच्या टपरीवर जाणं बंद झालं. सभेचं कामही त्याने सोडलं. साहेबांना सांगितलं, गुडघे दुखतात.

"तू त्याले गाया देता तर बरं व्हतं," वहिनी म्हणाली आणि पदराने बाकावरचा चहाचा डाग पुसू लागली. तो डाग आमचा नव्हता.

मी त्या दुपारी माफी मागायचं ठरवलं. कशी मागायची हे बाकावर बसूनच जुळवलं. अहिराणीत जुळवायला गेलो, तर लक्षात आलं की आमच्या घरात माफी मागायचं वाक्यच मला माहीत नाही. आम्ही कधी मागितली नव्हती. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी काहीतरी काम सांगायचं, "बैल सोड" नाहीतर "मोटर चालू कर", की मिटलं. आता सांगण्यासारखं काम उरलं नव्हतं. तेव्हा मी माझ्या भाषणाच्या मराठीत शिरलो.

"नाना," मी खाटेजवळ उभा राहून म्हणालो, "त्या सभेत माझ्याकडून जे बोललं गेलं, त्यामुळे तुमच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो."

शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच मला कळत होतं की हे मी कुठेतरी ऐकलंय. कुठे? रोज टीव्हीवर. सगळ्याच पक्षांचे लोक असंच म्हणतात. "असतील तर." पण वाक्य सुरू झालं होतं आणि मला ते अर्ध्यावर सोडता आलं नाही.

नाना छताच्या पंख्याकडे पाहत होता. तो म्हणाला, "तुम्ही छान बोलता. त्या दिवशीही छान बोललात."

त्यात टोमणा होता का, हे मी आजवर स्वतःला विचारतो. मला वाटतं नव्हता. त्याला माझं बोलणं खरंच आवडायचं, आणि तो सभ्यपणे तसं सांगत होता. हेच वाईट होतं. टोमणा असता तर धरायला काहीतरी मिळालं असतं.

त्यानंतर त्याचा ताप वाढत गेला. एका सकाळी वहिनी कपडे बदलायला लॉजवर गेली होती, मामा दुसऱ्या वॉर्डात होता. मी खिडकीशी उभा राहून बाटलीत पाणी भरत होतो. मागे खाट करकरली. वळून पाहिलं तर नाना एकट्याने उठून बसायला निघाला होता. एक कोपर टेकवलेलं, चांगला पाय खाटेबाहेर, मोडलेला तसाच मागे ओढलेला, सलाइनची नळी ताणलेली. मला हाक मारायची नाही म्हणून. मला त्रास द्यायचा नाही म्हणून.

माझ्या हातून बाटली पडली.

"ए येडा," मी ओरडलो, "पडशी ना तू!"

शेजारच्या खाटेवरचे लोक वळून पाहू लागले. नानाही थांबला. कोपरावर तोललेला, थरथरत, त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत त्याने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. त्या तीन वर्षांत तो माझ्या जरा बाजूला पाहायचा, पाहुण्याकडे पाहतात तसं. मी दोन ढांगांत खाटेपाशी पोहोचलो आणि दोन्ही हात पुढे करून उभा राहिलो. त्याने विचारल्याशिवाय हात लावायची माझी हिंमत होत नव्हती. भाऊ पडायला आलेला, आणि मी परवानगीची वाट पाहतोय.

"हो," तो म्हणाला. "धरा."

मी धरलं. काखेत हात घातले आणि त्याला माझ्या छातीवर घेतलं. वजन काहीच नव्हतं. खांद्याची हाडं, त्यावर गरम कातडी, औषधांचा वास. त्याचं डोकं माझ्या गळ्यापाशी टेकलं होतं. तसंच मी त्याला हळूहळू मागे निजवलं, पाय उचलून खाटेवर ठेवला, भांडं दिलं, घेतलं, स्वच्छ केलं. त्याने अडवलं नाही. डोळे मिटून घेतले. परत काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला आयसीयूत हलवलं, आणि तिथे तो चौथ्या दिवशी गेला.

दहाव्याला दोन्ही बाजूंचे पुढारी आले. एकाच बाकावर बसले, एकाच ट्रेमधून चहा घेतला. जाताना नानाचा साहेब माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "तुम्हा भावांसारखी माणसं आता राहिली नाहीत हो. राजकारणात असूनही एकमेकांना कधी अरेतुरे केलं नाही." मी "आभारी आहे" म्हणालो.

जळगावला परतल्यावर मी बायकोला ती सकाळ सांगितली. "धर" म्हणाला असता तर मिटलं असतं, मी म्हणालो. एक काना जास्त लावला आणि मला पुन्हा खुर्चीवर बसवून गेला.

ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, खुबा मोडलेल्या माणसाला कळ येणार नाही का? ते 'धर'च म्हणाले असतील. कळ आली, त्यात 'आ' निघाला. तुम्हाला 'धरा' ऐकू आलं."

किती सोपं होतं हे. पुढचे कित्येक दिवस मी तेवढ्यावर काढले. शाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना, मेहरूणच्या तलावाकडे फिरायला जाताना मनात तो एवढाच आवाज काढून पाहायचो: धर, आणि मग कळ. जुळायचं. नानाने मला तू म्हटलं होतं, फक्त दुखत होतं.

तिला मी अजूनही तेच पटलंय असं दाखवतो. एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. "धर"च्या आधी तो "हो" म्हणाला होता. आमच्या घरात कुणीही, कधीही, "हो" म्हणत नाही. आम्ही "हां" म्हणतो.